माळ्यावरचे डबे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, "माळा रिकामा कर, बाळांच्या फोटोंचा सेट ठेवायला जागा लागेल." मी "बघू" म्हणून फोन ठेवला. फोनवर मला धड सुचत नाही, म्हणून लिहिते.

आधी तुझ्या फोटोंच्या दरपत्रकाचं. ते मला शंभर टक्के पटलंय. तारीख धरतानाच निम्मे पैसे घे. तुझ्या बाबांची लग्नघरी पैसे मागायला जीभच रेटायची नाही. लग्नाचे पैसे बारशाला मिळायचे, तेही जोडप्याला मूल वेळेवर झालं तर! तुझ्या शाळेची फी मी दोनदा पाटल्या गहाण ठेवून भरलीय. तेव्हा त्या बाबतीत बाबांचा कित्ता गिरवू नकोस.

पण माळ्याचं तसं नाही.

१९८८ साली सांगलीत मारुती रोडला फोटोच्या दुकानासाठी गाळा घेतला तेव्हा आपल्याकडे एक जुना याशिका कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. अख्खं लग्न तीन रोलमध्ये बसवायचं, म्हणून अंतरपाट दूर व्हायच्या क्षणाला बाबा श्वास धरून उभे असत. गुरुजी ओळखीचे, "सावधान" म्हणून झालं की बाबांकडे एक नजर टाकायचे आणि मगच पाट सोडायचे. डार्करूम म्हणजे आपली मोरी. रात्री तुला झोपवून मी लाल दिव्याखाली ट्रे हलवायची. एप्रिलात डेव्हलपर, म्हणजे फोटो धुवायचं रसायन, इतका तापायचा की कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून ट्रेच्या भोवती ठेवावा लागे. त्या रसवंतीवाल्यानं कधी बर्फाचे पैसे घेतले नाहीत. त्याच्या तिन्ही मुलींचे दाखवायचे फोटो आपण काढले, त्याचेही कुणी मागितले नाहीत. (हिशेब केला तर नुकसान आपलंच निघेल, पण केला नाही.)

२००५ च्या पुरात दुकानात गुडघाभर पाणी आलं. खालच्या कप्प्यातल्या निगेटिव्ह चिकटून वड्या झाल्या. तेव्हा मी हट्टाला पेटले आणि उरलेले निगेटिव्हचे सगळे डबे विश्रामबागेत घरी आणले. बाबा चिडले होते, दुकानाची वस्तू घरात कशाला म्हणून. तोच तुझा माळा.

२०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोका म्हणतात, पाणी ५७ च्या वर गेलं. तू पुण्यात होतास, तुला फक्त व्हिडिओ दिसले. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर फोटो मोठे करायचा एन्लार्जर चिखलात आडवा, आणि काँप्युटर नि हार्ड डिस्क दोन्ही गाळानं भरलेल्या. दहा वर्षांची डिजिटल लग्नं त्यात होती. ती गेली ती गेलीच. बाबा पायरीवर बसून राहिले. मंडळाच्या पोरांनी न बोलावता फावडी आणली. शेजारच्या हळदीच्या अडत्यानं वरची खोली चार महिने वापरायला दिली. आणि ज्या फोटोग्राफरशी आपलं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यानं एका साखरपुड्यासाठी स्वतःचा कॅमेरा पाठवून दिला, लेन्ससकट. स्वतः आला नाही, पोराकडून पाठवला.

मग लोक यायला लागले. कुणाच्या हातात ओला अल्बम, कुणाच्या पिशवीत फोटोंचा लगदा. मी सांगायची, उन्हात टाकू नका, चिकटलेलं ओढू नका. टबात स्वच्छ पाणी, त्यात हळूहळू पानं सोडवायची आणि सावलीत दोरीला चिमटे लावून टांगायची. महिनाभर गच्चीवर आपल्या कपड्यांना जागा नव्हती. ज्यांचं काहीच उरलं नव्हतं त्यांना मी विचारायची, लग्न कुठल्या साली? २००५ च्या आतलं असलं की माळ्यावर चढायची. डब्यांवर साल आणि कार्यालयाचं नाव माझ्याच अक्षरात आहे. खणभागातल्या एक आजी आल्या, त्यांना लग्नाचं काही नको होतं. भावाच्या लग्नात यजमान पंक्तीत वाढताना एका फोटोत आले होते म्हणे, तेवढा हवा होता. दोन दिवस शोधला. सापडला, पण जिलबीचं ताट तोंडासमोर! तरी त्यांनी तो मोठा करून नेला. कागदाचे पैसे मात्र मी घेतले. बाबांना आवडलं नाही.

आज तुझ्याकडे बाळाचे फोटो काढायला येणाऱ्या मुलींपैकी कितीजणींच्या आईचं लग्न त्या डब्यांत आहे, एकदा वर चढून बघ.

सेटसाठी बैठकीची खोली घे. माझा दिवाण बाहेर काढला तरी चालेल, असाही तो करकरतो. डब्यांना बुरशी लागतेय, तेव्हा येताना ओल शोषणाऱ्या पुड्या आण, भरपूर आण. आणि तुझ्या हार्ड डिस्कची एक नक्कल इथं माळ्यावर ठेव. रविवारी सकाळी लवकर ये, शिडी धरायला माणूस लागतं. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण ते कबूल करणार नाहीत.

तुझी,
आई