हिरवी फाईल

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

काल स्टँडवर मी तिसऱ्यांदा तुझ्या सर्टिफिकेटांच्या हिरव्या फाईलचं विचारलं आणि तू तडकलीस. "आई, मी ५ वर्षं सिस्टर म्हणून काम करतेय, लहान नाहीये." तेवढ्यात गाडी सुटली. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले. फाईलचं नावही काढायचं नाही असं ठरवलंय.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला तुझा नंबर लागल्याचं बाबांनी अख्ख्या आळीत सांगितलं. बारावी आर्ट्सला घेतलीस, म्हणून बी.एस्सी. नर्सिंगला अर्जही करता येईना, तेव्हा मामा म्हणाला होता, झालं, संपलं. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठलीही शाखा चालते हे तूच शोधून काढलंस. ३ वर्षं ते केलंस, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, रात्रपाळ्या काढल्यास. आता २ वर्षांत विद्यापीठाची पदवी. ४ वर्षं बी.एस्सी. करणाऱ्या मुलींसारखी तुलाही पुढे एम.एस्सी. करता येईल.

'डिप्लोमावाली' म्हणून कुणी नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नकोस. बेबीमावशीची शीर सापडेना, तेव्हा तू तिचा हात कोमट पाण्यात धरायला लावलास आणि एका टोचणीत सलाईन लावलंस. ते मी पाहिलंय. पण बायोकेमिस्ट्री तुला जड जाईल. पुढे संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, तेही इंग्रजीत. पहिल्या दिवसापासून वही घेऊन बस, परीक्षेच्या तोंडावर रात्री जागून... बघ, लागले शिकवायला. माफ कर.

मलाही एएनएमचा छोटा नर्सिंग कोर्स झाल्यावर जीएनएमला जायचं होतं. मी होते त्या दवाखान्याने बॉन्डपायी, मध्येच नोकरी सोडू नये म्हणून, माझे ओरिजिनल दाखले ठेवून घेतले होते. यादीत नाव आलं. पडताळणीला खिडकीतल्या माणसाने ओरिजिनल मागितले, मी झेरॉक्स दिली. त्याने परत केली. मी तीच पुन्हा आत सरकवली. मागे रांग होती. पुढे उपकेंद्रात २१ वर्षं गेली. त्याचं दुःख नाही गं. तू पोटात होतीस तेव्हाही लसीचा डबा खांद्यावर होता. पण ती खिडकी अजून दिसते.

तर आलेच शेवटी फाईलवर. बारावी, जीएनएमच्या तिन्ही मार्कशीट, नोंदणीपत्र, सगळं दाखव आणि लगेच मागून घे. कुणी ठेवतो म्हणालं तर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. तुझ्यावर भरवसा आहे. लोकांवर नाही.

बाबांचा गुडघा ठीक आहे. पत्र पोचलं की फोन कर.

तुझी आई

ता. क. नोंदणीचं रिन्यूअल कधी आहे ते आजच बघ. आणि नोंदणीपत्रावरचं नाव बारावीच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही.