बागेतली टाकी : माझा चौथा अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय : तळमजल्यावरील शेजाऱ्यांनी सामायिक बागेत पुरलेली गरम पाण्याची टाकी

महोदय,

याच विषयावरचा हा माझा चौथा अर्ज. आधीच्या तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही.

मी सौरऊर्जेच्या विरोधात आहे असा प्रचार चालू आहे. वास्तविक उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखाली साठवून हिवाळ्यात घरे गरम करावीत, ही सूचना सर्वसाधारण सभेत पहिल्यांदा मीच मांडली. इतिवृत्तात नोंद झाली : ‘पाहू’. पुढे त्याच कामासाठी शेजाऱ्यांनी एका रविवारी बाग खणून ५,००० लिटरची टाकी पुरली, तेव्हा मात्र कुणाला काही पाहावे लागले नाही.

एवढे पाणी ४० अंशांनी तापवले तर जेमतेम २३० युनिट उष्णता साठते. ऐन थंडीत ती किती दिवस पुरणार? मुळात तोवर टिकणारच नाही. वाटीतले पाणी लवकर निवते, हंड्यातले उशिरा. साठा जितका मोठा, तितकी त्याच्या मानाने गळती कमी. म्हणून तर कॅनडात ओकोटोक्स येथे ५२ घरांनी मिळून एकच साठा केला. १४४ बोअर घेऊन २००७ पासून उन्हाळ्याची उष्णता जमिनीत मुरवली. जमीन तापायलाच काही वर्षे गेली, पण २०१५-१६ च्या हिवाळ्यात घरे तापवायची सगळी गरज उन्हावर भागली.

‘‘ती योजना बंद पडली ना?’’ असे सचिवांनी मला जिन्यात चारचौघांत विचारले. हो, २०२४ मध्ये. यंत्रणा जुनी झाली म्हणून, १७ वर्षांनी. आपली लिफ्ट किती दिवस नीट चालली ते मी इथे काढत नाही.

या टाकीची गळती जाते कुठे? माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीत. तीही भर उन्हाळ्यात.

उपविधींनुसार सामायिक जागेत परवानगीविना बांधकाम करता येत नाही. (माझ्या बाल्कनीच्या काचा हा निराळा विषय आहे.) आमच्या मजल्यावरची सर्व घरे माझ्याशी सहमत आहेत, एकाला कायम कुलूप असते, त्यांचाही विरोध नाही.

तरी टाकी पंधरा दिवसांत काढावी. जमत नसल्यास ती सचिवांच्या भिंतीलगत हलवावी आणि शेजाऱ्यांनी तिचे तापमान रोज सूचना फलकावर लिहावे. हिवाळा सुरू झाला की रोज सकाळी मी ते वाचायला येईन.

आपला,
देखभाल शुल्क वेळेवर भरणारा एक सभासद

सोबत : आधीच्या तीन अर्जांच्या पोचेच्या प्रती