ऑगस्टात जमायचं नाही

सातारा, १९ जुलै

प्रिय दत्त्या,

तुझं पत्र मिळालं. ऑगस्टात उदगीरला तुमच्या शाळेतल्या पोरांची कॉमिक्सची कार्यशाळा घ्यायला ये, म्हणतोस. वर शाळेच्या लेटरहेडवर ‘आदरणीय लेखक महोदय’ आणि खाली पेनानं ‘ये की लेका’. वरचं हेडमास्तरांसाठी आणि खालचं माझ्यासाठी, हे कळलं.

सरळ उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. ऑगस्टात जमायचं नाही. नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपली की येतो. कंटाळा आला तर मधलं सोडून शेवटाकडे जा, कामाचं सगळं तिथे आहे. पण मला तुझ्याशी जरा बोलायचंय, त्यामुळे सोडू नकोस.

तू लिहिलंयस, “चित्रं तर दुसराच काढतो, तुझा वेळ जातो कुठे?” हे आमच्या सासऱ्यांनी विचारलं होतं लग्नाच्या बैठकीत. तर ऐक. दिवाळी अंक दसऱ्याच्या आसपास स्टॉलवर लागायचा तर सप्टेंबर सरता सरता तो छापखान्यात गेला पाहिजे. कथा-कवितावाल्यांनी ऑगस्टअखेर मजकूर टाकला तरी संपादक खपवून घेतात. कॉमिक्सचं तसं नाही. माझी संहिता गेल्यावर चित्रकाराची पेन्सिल, मग शाई, मग रंग, मग अक्षरं. बारा पानांना दीड-दोन महिने धरायचेच. त्यात आमचा चित्रकार कुडाळचा. चतुर्थी आली की गणपतीवरची माटवी बांधायची, भजनं, डबलबारी म्हणजे भजनांचे सामने. त्या दिवसांत त्याच्या हातात ब्रश द्यायचा नाही, आणि दिला तरी तो घेत नाही. मला ते पटतं. म्हणजे गणपतीच्या आत त्याचं निम्मं काम व्हायला हवं, आणि त्यासाठी माझी बारा पानं याच महिन्यात गेली पाहिजेत. आज एकोणीस तारीख आहे आणि माझी सात पानं व्हायची आहेत.

शिवाय मासिकातली माझी कॉमिक्स-मालिका ‘कंडक्टर काशी’ आहेच, एस.टी.तल्या बाई कंडक्टरची, चार पानं, दर महिन्याच्या दहा तारखेला. आणि पोटापाण्याचं वेगळं: एका संस्थेसाठी पाणलोटावरची पुस्तिका. तिथल्या साहेबांनी अक्षरं बसवून झाल्यावर निरोप पाठवला, की शेतकऱ्याच्या तोंडी योजनेची पूर्ण माहिती यायला हवी. म्हणजे बांधावर बसून भाकरी खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या संवादाच्या फुग्यात अख्खा जीआर. बिल मार्चपासून अडकलंय, म्हणून मी जीआर बसवून देतोय. तीन चौकटींत म्हातारा दिसतच नाही, नुसता फुगा आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. वेळ लिहिण्यात जात नाही, कापण्यात जातो. कालचंच सांगतो. पान पाच, चौकट तीन. रात्र. मुक्कामी गाडी पाराजवळ उभी. आत एकच दिवा. काशी वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, लिहीत बसलीय. बाहेरून काचेवर एक हात. मी संवाद लिहिला: “एवढ्या रात्री कोण आहे तिकडे? गाडी सकाळी सहाला सुटेल, तेव्हा या.” कुडाळहून फोन. “हात दिसता मां? मगे कोण आसा कित्याक इचारता ती?” बरोबर होतं. घाबरलेलं चित्रात दिसतं, ते बोलून दाखवायचं कशाला? शेवटी उरलं काय, तर “गाडी सहाला.” काशी वर न बघता म्हणते. आता ती बाई कशी आहे ते कळतं. या दोन शब्दांना माझी सकाळ गेली, आणि वैशालीनं घरी आल्यावर विचारलं, “काय लिहिलंस?” तर मी काय दाखवू?

कापावं लागतं त्याला आपली लिपीही कारण आहे. वर वेलांट्या नि मात्रा, खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. जिथे इंग्रजीच्या चार ओळी मावतील तिथे आपल्या तीनच. ओरडायला मोठी अक्षरंही नाहीत आपल्याकडे. जाड करा नाहीतर हातानं वेडीवाकडी काढा. आवाजांत मात्र आपल्याला कुणी हात धरणार नाही. खिडक्यांची खडखड, दाराचं धाडकन, चिखलात रुतलेल्या चाकाचं घुर्रर्र. चित्रकार ती अक्षरं चित्रातच काढतो, आणि तिथे मी एक शब्द बोलत नाही.

प्रुफं आमचे अण्णा बघतात. तुला आठवत असेल, हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली त्यांची. हात आता फार थरथरतात, चहाची बशी धरवत नाही, पण भिंग घेऊन बसले की ‘आर्शिवाद’ त्यांच्या तावडीतून सुटत नाही. उलटी अक्षरं सुलटी वाचायची सवय असलेला माणूस, त्याला सुलटी म्हणजे काय! मंगळवार-शुक्रवार त्यांना व्यायामाला न्यायचं असतं. रिक्षात ते मला न विचारता गोष्टीचा शेवट सांगतात. बहुतेक वेळा माझ्यापेक्षा वाईट असतो. बहुतेक वेळा.

घरचं तंत्र असं आहे: वैशाली सकाळची एस.टी. पकडून कोरेगावकडच्या शाळेत जाते. डबे, धाकट्याची शाळा, अण्णांचं औषधपाणी माझ्याकडे. दहा ते दोन लिहायचं. दोनला धाकटा येतो आणि दुकान बंद. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, ईशाची शिष्यवृत्ती परीक्षा, सगळं वैशालीच्या अक्षरात. उरलेल्या जागेत माझ्या मुदती. पूर्वी मी आधी लिहायचो आणि ती उरलेल्या जागेत बसवायची. ते तिनं एका जानेवारीत बदललं, नवं कालनिर्णय आणलं त्याच दिवशी, मला दाखवण्याआधी बारा महिने भरून. चर्चा वगैरे झाली नाही. फरक एवढाच पडला, की आता संपादकाला ‘नाही’ म्हणताना माझ्याकडे भिंतीचा पुरावा असतो.

ईशा माझं काही वाचत नाही. ती जपानी कॉमिक्स वाचते, उजवीकडून डावीकडे, आणि मला सांगते, “बाबा, तुझी काशी फार बोलते.” यावर काय बोलणार. तिच्या त्या पुस्तकांत सहा-सहा पानं कुणी बोलत नाही, नुसता पाऊस पडतो. आमच्याकडे सहा पानांत गोष्ट संपून पुढे जाहिरात लागते.

हे सगळं सांभाळता येतं, दत्त्या. ओढाताण होते ती तिसऱ्या गोष्टीनं, आणि तुझं पत्रही त्याच ढिगात आहे, म्हणून एवढं लांबण लावलं. वाचक. पत्र लिहून ‘छान’ म्हणणारे नव्हेत, काहीतरी करणारे. बार्शीची एक मुलगी दर महिन्याला वहीची पानं पाठवते, तिच्यात काशी उडते. इंजिनिअरिंगच्या पोरांना काशीवर फिल्म करायचीय, त्यांना संहिता हवी, फुकट हवी आणि सोमवारी हवी. एकाला आजोबांचं चरित्र कॉमिक्समध्ये करून पाहिजे. आणि आमचे मामा. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, माण तालुक्यातले. त्यांनी एक रजिस्टर घातलंय. काशीची गाडी आजवर कुठे कुठे गेली, कुठल्या फाट्यावर थांबली, किती वाजता, सगळं तारीखवार. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड. मधल्या माझ्या काल्पनिक गावांनासुद्धा त्यांनी अंतरं नेमून दिलीत. सोबत जुन्या सामानाची चित्रं: तिकिटांची पेटी, पंच, कातडी बॅग, तिच्या पट्ट्याला सुट्ट्या पैशांचा वेगळा कप्पा. आता त्यांना याचा मोठा नकाशा करायचाय, जुने सहकारी गोळा करून, आणि गावागावाखाली मी चार ओळी लिहायच्या.

वैशाली म्हणते, मामांचं ठीक आहे, पण तू प्रत्येकाला हो म्हणतोस आणि रात्री दिवा जळतो. मी तिला कॉमिक्समधल्या वेंधळ्या सुप्पांडीचं उदाहरण सांगितलं. १९८० साली अनंत पैंनी मुलांसाठी ‘टिंकल’ काढलं, त्यात वाचकांनी पाठवलेल्या गोष्टी घेत. सुप्पांडीच्या गोष्टी अशाच त्रिचीच्या एका वाचकाकडून आल्या, १९८३ साली तो छापून आला आणि अंकातला सगळ्यांत लाडका होऊन बसला. त्याला नाक-डोळे दिले आपल्या राम वाईरकरांनी, आणि त्यांच्यामागे त्यांच्या लेकीनं तो काढला. म्हणजे वाचकाचा आणि घरच्यांचाच की तो, संपादकाचं काम दार उघडं ठेवण्याचं. वैशाली शांतपणे म्हणाली, “त्रिचीच्या माणसानं गोष्ट पाठवली होती. लिहून दे म्हणाला नव्हता.”

हा फरक मला एवढ्या वर्षांत सुचला नव्हता. जे वाचक काही आणून देतात ते एक, आणि जे काही मागतात ते दुसरे. बार्शीची मुलगी आणून देते. तिला मी दर वेळी दोन ओळी लिहितो आणि ते काम म्हणून मोजत नाही. मामा तर पोत्यानं आणून देतात. आजोबांच्या चरित्रवाल्याला मी नम्रपणे एका होतकरू लेखकाचा नंबर दिला. फिल्मवाल्यांना कळवलं, काशी वापरा, नाव द्या, संहिता तुमची तुम्ही लिहा. त्यांना राग आला. येऊ दे.

आणि तू इतरांची उदाहरणं देऊ नकोस. ‘चिंटू’ ही चित्रपट्टी दोघांच्या खांद्यावर होती, वाडेकर आणि पंडित, म्हणून १९९१पासून रोजच्या रोज चालली. ‘पीनट्स’वाल्या चार्ल्स शुल्झनं १९५०पासून जवळजवळ पन्नास वर्षं एकट्यानं पट्टी काढली आणि मोठी रजा घेतली ती पंचाहत्तरीला, १९९७ साली, पाच आठवडे. मला नाही व्हायचं शुल्झ. अण्णांना व्यायामाला कोण नेणार?

ठरलंय ते असं: मोठं काम एका वेळी एकच. आधी मामांचा नकाशा, पण तोही संहिता गेल्यावर. पुढचं तुझं. उपकार म्हणून नव्हे. उदगीरची पोरं काय आणून देतात ते मला बघायचंय.

तयारी सांग हेडमास्तरांना. प्रोजेक्टर नको, हारतुरे नकोत, माझं भाषण तर नकोच. एका वर्गात तीसच्या वर मुलं घालू नका. प्रत्येकी साधे ए-फोर कागद दहा आणि काळं बॉलपेन. रंग अजिबात नकोत. रंगपेटी उघडली की पोरं पहिल्या चौकटीतलं आभाळ रंगवत बसतात आणि गोष्ट तिथेच राहते. एक कागद तीनदा दुमडायचा, उघडून आडवा अर्धा मुडपायचा, घडीच्या बाजूनं मधोमध अर्ध्यापर्यंत एक काप द्यायचा आणि घडी फिरवायची, की आठ पानांचं पुस्तक होतं, ना गोंद ना पिन. तू आधी करून बघ, तुझ्या हातून पहिल्यांदा पंखा होईल. विषय देऊ नका. ‘झाडे लावा’ तर नाहीच. घरात काल काय झालं ते काढायला सांगू. आणि झेरॉक्सवाल्याला गाठून ठेव, संध्याकाळी प्रत्येकाच्या पुस्तकाच्या पाच-पाच प्रती निघाल्या पाहिजेत. पोरगं पाच जणांना ते देतं, तेव्हा लेखक होतं. माझ्या शाबासकीनं काही होत नाही.

आता माझं तुझ्याकडे काम, आणि हे या आठवड्यात हवंय. दिवाळीची गोष्ट पुढे १९७२च्या दुष्काळात जाते. काशीचा बाप तेव्हा कंडक्टर, मुक्कामी गाडीवर. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी माणसं त्याच्या गाडीत चढतात आणि तिकिटाला कुणाकडे पैसे नसतात. मामांनी एस.टी.ची बाजू भरून दिली. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला, ते कागदोपत्री मिळतं. कामावरचं मला कुठे मिळत नाही. तुझी आई खडीवर जायची, तू एकदा सांगितलं होतंस. त्यांना विचार: कामावर खायला मिळणारी सुकडी कशात बांधून मिळायची, फडक्यात का भांड्यात? मिलोची, म्हणजे त्या परदेशी ज्वारीची, भाकरी थापताना मोडायची का, आणि रंग कसा दिसायचा? हातोडा स्वतःचा न्यावा लागायचा का मुकादम द्यायचा? तान्हं पोर असेल तर ते कुठे निजवायचे? मोठं काही नको, त्या बोलतील तसंच्या तसं लिहून पाठव, शाळेच्या मराठीत सुधारून नको. फोनवर बोलल्या तर आणखी बरं. दुपारी दोनच्या आत कधीही लाव.

अण्णांनी तुला आशीर्वाद सांगितलाय. (तपासून घेतलाय.) वहिनींना नमस्कार, पोरांना पापे. नोव्हेंबरची तारीख हेडमास्तरांकडून लेखी घे आणि मला कळव, म्हणजे वैशालीकडून भिंतीवर जागा मिळवतो.

तुझा,
बंड्या

ता.क. मानधनाचा आकडा वाचला. जाण्यायेण्याचं एस.टी.चं भाडं द्या, बाकीच्याचे कागद आणा. आणि मुक्काम तुझ्याकडेच, लॉज बघू नकोस.