मास्तर, हे आभार सगळ्यांसमोरच मानायचे होते

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन झालं. त्यात 'वाद्यदुरुस्ती' म्हणून तुमचं नाव आलं, टाळ्या पडल्या आणि निवेदक पुढे गेला. मला ते पुरेसं वाटलं नाही. तुम्ही त्या संध्याकाळी सिन्नरला तुमच्या लग्नाच्या बँडसोबत वरातीत वाजवत होतात, त्यामुळे तेवढंही तुमच्या कानावर पडलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आम्ही चौघं नाशिकमध्ये सॅक्सोफोनचं चौकडीवादन करतो : सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन. सोबत तबला नाही, पियानो नाही, माईकही नाही. सॅक्सोफोन म्हटलं की आपल्याकडे मनोहारी सिंगांचे सिनेमातले तुकडे आठवतात, दक्षिणेत कद्री गोपालनाथांचं कर्नाटक संगीत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातही या वाद्यासाठी खास लिहिलेल्या रचना आहेत, हे बऱ्याच जणांना गंगापूर रोडच्या त्या छोट्या सभागृहात पहिल्यांदाच कळलं.

बॅरिटोन, म्हणजे चौघांतला सर्वांत मोठा आणि खालच्या सुराचा, माझ्याकडे. चौकडीचा पाया तोच, आणि तोच ढासळत होता. खालचा बी-फ्लॅट हा स्वर लागायचाच नाही, लागला तर गुरगुरायचा. मी ओठ आवळून जोर लावायचे, सूर वर चढायचा, आणि माझ्यामागे बाकीचे तिघं चढायचे. एका मोठ्या दुकानात दाखवला. 'वाद्य जुनं झालंय, नवीन घ्या' एवढंच उत्तर मिळालं. नव्या बॅरिटोनची किंमत आम्हा चौघांना मिळूनही झेपली नसती.

मग कुणीतरी भद्रकालीतल्या तुमच्या खोलीचा पत्ता दिला. खुंट्यांना टांगलेले युफोनियम, कोपऱ्यात कातडं उतरवलेला ढोल, आणि लग्नसराई तोंडावर आलेली. तरी तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. दार लोटून अंधार केलात आणि वायरला लावलेला बारीक दिवा नळीत सोडलात. वीसहून जास्त भोकं, प्रत्येकावर ते मिटवणारी गादी, म्हणजे पॅड, पण मिटलेल्या एकाही पॅडखालून उजेड येईना. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "अशी नुसती धरू नको पोरी. वाजवतेस तशी बोटं दाब."

मी खालच्या बी-फ्लॅटची सगळी बोटं दाबली आणि जी-शार्प या दुसऱ्या स्वराच्या पॅडखालून केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. करंगळीची चावी दाबली की आतला दांडा जी-शार्पलाही उचलू पाहतो, आणि त्याला दाबून धरणारं बूच झिजून गेलं होतं. म्हणजे वाद्य खाली ठेवलं की सगळं ठीक, वाजवायला घेतलं की गळती. इतके दिवस कुणाला दिसलं नाही ते यामुळेच.

त्यानंतरचं तुमचं काम मी श्वास रोखून पाहिलं. स्पिरिटच्या दिव्यावर पॅडची धातूची वाटी तापवून आतली लाख मऊ केलीत, कडक झालेलं पॅड काढून नवं बसवलंत, बोटाने रेटून ते भोकाशी समतल केलंत. दांड्याखाली नवं बूच चिकटवून पॉलिशपेपरने जरा जरा घासत आणलंत. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी पॅडखाली सरकवून चावी हलकेच मिटवायची आणि पट्टी ओढून पाहायची. एका बाजूने अडकते, दुसऱ्या बाजूने सुटते म्हणताना पुन्हा दिव्यावर. चारही बाजूंनी पट्टी सारखी ओढ देईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. "आता फुंक, पण जोर नको लावू," म्हणालात. मी नुसता श्वास सोडला आणि तो सूर आपणहून आला. भरदार, जमिनीलगत. तुमच्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटाचं दार थरथरलं.

आमच्या तालमीलाही तुम्ही आलात. मी कडेला बसत होते, ते तुम्हाला पटलं नाही. "मोठं वाद्य मधे घ्या, सगळ्यांनी सूर खालून उचला." मी आत सरकले, सोप्रानोवाल्याला बॅरिटोन नीट ऐकू येऊ लागला आणि सुरांची ओढाताण पुष्कळ कमी झाली. वर्षानुवर्षं रस्त्यावर, गर्दीत, जनरेटरच्या आवाजात सूर सांभाळलेल्या माणसाचा तो कान होता.

काहींना नवल वाटलं की लग्नाच्या बँडचे मास्तर आणि हे असलं संगीत, मेळ कसा बसला? मला त्यात नवल वाटत नाही. हे वाद्य बँडचंच आहे. अदॉल्फ साक्स या बेल्जियमच्या कारागिराने 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं, आणि फ्रेंच लष्कराच्या बँडांत त्याला पहिली हक्काची जागा मिळाली. आम्ही सुरुवातीला वाजवलेली चौकडीसाठीची रचना 1857 ची, साक्सचाच मित्र झाँ-बाप्तिस्त सँजले याची. पुढे 1928 मध्ये मार्सेल म्यूल या फ्रेंच सॅक्सोफोनवादकाने वादकांची जी चौकडी उभी केली, तिचे वादकही पॅरिसच्या 'गार्द रेप्युब्लिकेन' या लष्करी दलाच्या बँडमधलेच. त्यांचं वादन डोळ्यांपुढे ठेवून ग्लाझुनोव्ह या रशियन संगीतकाराने 1932 मध्ये आपली चौकडी लिहिली. बँडवाल्यांनी आपल्या वाद्यावर जीव लावला नसता, तर आम्हाला वाजवायला या रचनाच नसत्या.

ग्लाझुनोव्हच्या मधल्या भागाची सुरुवात फार संथ आहे. चौघं मिळून एकेक स्वर ठेवत जायचं, लपायला जागा नाही. त्या दिवशी ते सूर जुळून उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी नंतर विचारलं, "पेटी कुठे ठेवली होती?" मास्तर, ही दाद तुमची आहे.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त पॅड-बुचाचे. मजुरीचं विचारलं तर "कार्यक्रम ऐकव" म्हणालात, आणि तेच राहून गेलं. म्हणून पुढच्या कार्यक्रमाची तारीख आम्ही दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाच्या मधली धरतोय, तुमची सराई सुरू व्हायच्या आत. काकूंना आणि बँडमधल्या सगळ्यांना घेऊन या. आधी एकदा बॅरिटोन दाखवायला येईन. हल्ली खालचा सी-शार्प जरा उशिरा बोलतो.

तुमची,
बॅरिटोनवाली