48 आकडे वाचून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा चहा अर्धा टाकून तुम्ही गेलात, त्यामुळे बंद पडलेला लॅपटॉप चालू करून दिल्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. समोर मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय मिटवला असता, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय माझ्यासारखा पराक्रम आणखी कोणीतरी करणार, तेव्हा त्यांनाही कळू दे.

लेकीने कॉलेजात असताना विंडोजच्या शेजारी उबुंटू, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं होतं. ती नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. मी जीएसटीची कामं करणारी, मला टॅली आणि एक्सेल पुरे. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झालेली, आणि तिकडे उबुंटू 100 जीबी अडवून बसलेलं. 18 तारखेला रात्री डिस्क मॅनेजमेंट उघडलं, त्या भागावर राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. भाडेकरू गेला, खोली रिकामी झाली, अशा आनंदात झोपले.

सकाळी लॅपटॉप चालू केला तर काळा पडदा. वर "मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग इज सपोर्टेड" असं काहीतरी, खाली "ग्रब" आणि लुकलुकणारा कर्सर. दुसऱ्या दिवशी 20 तारीख, सात जणांची 3बी (जीएसटीचं रिटर्न) भरायची. दुकानात फोन केला तर "फॉरमॅट मारावं लागेल मॅडम, डेटाची गॅरंटी नाही." पोटात गोळाच आला.

तुम्ही आलात, चष्मा पुसलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "किल्ली कुठे आहे?" मी कपाटाची किल्ली आणायला उठले! बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, आणि त्याची किल्ली म्हणजे आकडे, हे मला तेव्हा कळलं. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून ती शोधायला लावलीत आणि डायरीत उतरवून घेतलीत. सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

मग म्हणालात, "विंडोजला काही झालेलं नाही. ग्रब म्हणजे गेटवरचा वॉचमन, कुणाला कुठल्या फ्लॅटमध्ये सोडायचं ते तो बघतो. त्याची वही उबुंटूच्या फ्लॅटमध्ये होती आणि तो फ्लॅट तुम्ही पाडलात. वॉचमन मात्र अजून गेटवरच उभा आहे." एवढी सोपी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. लॅपटॉप चालू होताना एफ12 दाबायला सांगितलंत (काही कंपन्यांची कळ वेगळी असते म्हणालात), यादीतून विंडोज बूट मॅनेजर निवडलं, आणि निळ्या पडद्याने खरोखरच किल्ली मागितली. तुम्ही डायरी डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा वाचत होतात, मी टाइप करत होते. पाचव्या गटात मी 3 च्या जागी 8 मारला, तोही तुम्हीच पकडलात. डेस्कटॉप दिसला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

मी लगेच ती रिकामी जागा सी ड्राइव्हला जोडायला निघाले, तर माझा हात धरलात. "आधी लेकीला फोन लावा. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर पुसलेलं परत मिळू शकतं, नंतर नाही." लेक म्हणाली, "आई, सगळं गिटहबवर आहे गं, उडव." (गिटहब म्हणजे प्रोग्रॅम ऑनलाइन साठवायची जागा.) पण हे डिलीट दाबायच्या आधी विचारायला हवं होतं, हे तुम्ही बोलला नाहीत. बोलला नाहीत म्हणूनच जास्त लागलं.

वॉचमनला घालवायचं काम तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, माउंटव्हॉल या कमांडने ईएफआयचा, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइल्सचा, लपलेला भाग एस नावाने पुढे आणला. आत बूट, मायक्रोसॉफ्ट आणि उबुंटू असे फोल्डर. "फक्त उबुंटू. मायक्रोसॉफ्टला हात लावलात तर मग दुकानवालाच खरा ठरेल." एंटर मारण्याआधी फोल्डर पुसायच्या कमांडची ओळ मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलीत. मग बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणला, आणि शेवटी डिस्क मॅनेजमेंटमधली ती काळी पट्टी एक्स्टेंड व्हॉल्यूमने सी मध्ये विरून गेली.

अजून एक. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडायचं. लेक घरी आली की हे व्हायचंच, आणि मी बॅटरीला दोष देत बसायचे. उबुंटू आतल्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, हे तुम्ही जाता जाता चपला घालताना सांगितलंत!

सातही 3बी 20 तारखेला दुपारीच भरून झाल्या.

आपली नम्र,
बी विंगमधली टॅक्सवाली

ता. क. तुमच्या चष्म्याचं घर आमच्या टीव्हीवर राहिलंय. न्यायला याल तेव्हा राहिलेला अर्धा चहाही घ्यायचाय.