परत जा म्हणाले होते मी

प्रिय बाळ,

नवरा तुझा फोन तपासतो असं तू बोलून गेलीस, म्हणून कागदावर लिहून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून झालं की तिथल्याच ड्रॉवरमध्ये राहू दे, घरी नेऊ नकोस.

मागच्या वेळी आलीस तेव्हा चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती. पडला म्हणालीस. मी काही न विचारता तो दुरुस्त करून आणला आणि चार दिवसांनी तुला परत पाठवलं. वर म्हणाले, संसारात भांड्याला भांडं लागतंच. बाळ, तुझ्या कानामागचा वळ मला दिसला होता. दिसूनही मी गप्प बसले. चुकले मी.

परवा एका वकीलबाईंकडे जाऊन आले. मला एकच भीती होती. मी पाठवलं, तू गेलीस, म्हणजे सगळं पोटात घातलंस असं कोर्ट धरेल का? त्या म्हणाल्या, प्रश्न खरा आहे. छळ माफ करून पूर्वीसारखं नांदायला लागलं, तर हिंदू विवाह कायद्यात ते आड येऊ शकतं. १९७५ च्या दास्ताने खटल्यात छळाची तक्रार नवऱ्याची होती, आणि त्याचं अपील सुप्रीम कोर्टानं त्यामुळेच फेटाळलं. पण माफीनंतर पुन्हा छळ झाला तर जुनी तक्रारही जिवंत होते, हेही त्याच निकालात आहे. हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या कायद्यात शब्द 'क्रूरता' असा आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. हाडच मोडायला हवं असं नाही, मानसिक छळही त्यात धरतात. फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावाही लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, हे कोर्ट तोलतं. म्हणून तारखा लिहून ठेव. डॉक्टरांकडे गेलीस तर पाय घसरला म्हणू नकोस, खरं काय ते सांग. चष्म्याच्या दुरुस्तीची पावती मला डब्यात सापडली, तारखेसकट. ती मी जपून ठेवली आहे.

घटस्फोटाचं आजच ठरवायला हवं असंही नाही. मार थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आधी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून संरक्षणाचा आदेश, खर्चाला पैसे, पिल्लूचा तात्पुरता ताबा मागता येतो. 'घर बाबांचं आहे, चालती हो' असं तो म्हणतो ना? ज्या घरात तुम्ही नांदलात, ते सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय. वकिलाच्या पैशांची काळजी करू नकोस. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. रात्री-अपरात्री काही झालं तर महिला हेल्पलाइनचा १८१ लाव, जिवावरच आलं तर ११२. आणि मग मला. कितीही वाजले असले तरी.

लोक काय म्हणतील ते मी बघेन. तुझे बाबा पहिल्यांदा चिडले, मग बराच वेळ गॅलरीत उभे राहिले, आणि आत येऊन तुझ्या खोलीतलं कपाट रिकामं करायला लागले.

गुरुवारी संध्याकाळी सहाला वकीलबाईंची वेळ घेतली आहे. मी पाचला तुझ्या ऑफिसच्या फाटकाशी उभी असेन. यायचं नसेल तर नुसती मान हलव. मी निघून जाईन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन.

तुझी आई