दंतवैद्यक प्रवेश: दाखले आधी काढा

महोदय,

नीटच्या निकालानंतर आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेले प्रवेश मार्गदर्शन उपयुक्त आहे, पण त्यात दाखल्यांचा मुद्दा राहून गेला. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयातील 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यासाठी केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे (एमसीसी) नोंदणी करावी लागते, तर राज्याच्या जागांसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. नीट दिली म्हणजे दोन्हीकडे नाव आपोआप गेले, हा समज मुलांना फार महागात पडतो. ओबीसी उमेदवारांची अडचण तर आणखी नेमकी आहे. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्रीय यादीनुसार, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल, तर कागदपत्रांच्या तपासणीत अडते. ऐन पावसाळ्यात मामलेदार कार्यालयात रांगा लावून हे निस्तरत नाही. म्हणून उच्च माध्यमिक विद्यालयांनी बारावीच्या दिवाळी सुट्टीपूर्वीच पालकांना बोलावून प्रत्येक मुलाचे दाखले तपासावेत आणि नावातला फरक नीटचा अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्यायला लावावा.

– एक वाचक, फोंडा